कानबाईच्या वाटेवरचा खड्डा

१

वाहरू खड्ड्यात बुडून मेला, एवढं मंगळवारी सकाळी सगळ्या गोमाईपूरला कळलं. पण तो खड्ड्यात गेला कसा, हे काही कोणाला कळेना. कारण खड्ड्याच्या चारी बाजूंनी नगरपालिकेचे पत्रे उभे होते. पुरुषभर उंचीचे, एकमेकांना बांधलेले, मधून कुत्रंसुद्धा आत जाणार नाही असे. पाणी उपसायला आलेल्या मजुरांनी एक पत्रा सोडवला, तेव्हा त्यांचाच सोबती गढूळ पाण्यावर पालथा तरंगताना दिसला.

पोलिसांनी हिशेब सरळ मांडला. पत्रे जागेवर आहेत, म्हणजे माणूस चुकून पडलेला नाही. पत्रा सोडून त्याला कोणीतरी आत ढकललं आणि पत्रा परत बांधून टाकला. आणि सोमवारी दुपारी चहाच्या टपरीवर वाहरूचं भांडण झालं होतं ते उखाशी. दोघे सातपुड्यातल्या एकाच पाड्याचे, एकाच टोळीत खोदकाम करणारे. दुपार व्हायच्या आत उखा कोठडीत होता.

संध्याकाळी उखाची बायको रेवाबाई जसोदाबाईंच्या ओट्याशी येऊन बसली. ओट्यावर नव्हे, खाली पायरीवर. जसोदाबाईंनी पालिकेच्या शाळेत हयात घालवलेली. गावात काही हरवलं, कुठे काही अडलं, की लोक आधी त्यांच्याकडे यायचे आणि मग पोलिसात. देवळातली घंटा त्यांनीच शोधून दिली होती. पाटलांच्या वाटणीचा गुंता त्यांनीच सोडवला होता. घरात मात्र त्या दिवशी श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन होऊन एकच दिवस उलटला होता. अंगणातला मांडव अजून उतरायचा होता.

रेवाबाई रडली नाही. घरी ती सातपुड्यातली पावरी बोली बोलायची, पण शेतात निंदणीला येऊन येऊन तिची अहिराणी पक्की झाली होती.

"माय, उद्या त्याले नंदुरबारले लई जातीन. तो काहीच बोलत नही. मारं का नही मारं, काहीच म्हनत नही. नुसता भितीकडे देखस."

भांडण कशाचं होतं, असं जसोदाबाईंनी विचारलं. वाहरूला गावी जायचं होतं आणि उखा त्याला थांब म्हणत होता, काम पुरं करून दोघं मिळून जाऊ म्हणत होता. भांडण एवढंच. तो थांबला, आणि मेला. आता उखाला वाटतं, आपणच मारलं.

"तुम्ही एक डाव तठे जाईसन देखा," रेवाबाई म्हणाली. "मंग म्हना, मन्हा मालक खुनी शे. मी ऐकी लिसू."

जसोदाबाईंनी चपला घातल्या.

२

ज्या रस्त्यावर तो खड्डा होता, तो त्यांना लग्न होऊन आल्यापासून पाठ होता. त्या आल्या तेव्हा तिथे नुसती खडी होती. धुळ्याकडून वाफेचा रोलर यायचा, आणि तो आला की शाळा आपोआप सुटायची. बायका पाट्यांनी खडी टाकायच्या, भिस्ती पाणी मारायचा, आणि रोलरवाला खानसाहेब गल्लीतल्या प्रत्येक घरचा चहा प्यायचा. मग डांबर आलं. डांबर आलं आणि रस्ता खचायला लागला, दरवर्षी, अगदी एकाच जागी. का खचतो हे सगळ्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होतं: तिथे खाली जुनी बारव होती, दुष्काळानंतर दगडमातीनं बुजवलेली. पण पालिकेची रीत अशी की खचलं की मुरूम टाकायचा, वर डांबर फासायचं, आणि नारळ फोडून फोटो काढायचा. मग पाणीवाले येऊन तेच डांबर फोडायचे. त्यांच्या मागून गटारवाले.

यंदा पहिल्यांदा कोणीतरी नीट खोदलं होतं. उमाकांत नावाचा नवा कनिष्ठ अभियंता आला होता. जसोदाबाईंकडून बारवेची गोष्ट ऐकून तो म्हणाला होता, मग तळापर्यंत जाऊ या, बाई, एकदाच. म्हणून तो खड्डा इतका खोल होता. रस्ता आयुष्यात एकदा नीट होत होता, आणि त्यातच माणूस गेला, हे त्यांना राहून राहून टोचत होतं.

खड्ड्यापाशी हवालदार डोंगरसिंग उभा होता. चौथीत तो त्यांचा विद्यार्थी. त्याने लगेच टोपी नीट केली.

"बाई, तुम्ही कशाला आल्या? चिखल शे बठा."

"चिखल चौथीतही होता, डोंगर. तुझ्याच दप्तरात."

तो हसला आणि बाजूला झाला. शेजारी उमाकांत होता, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. खून ठरला नाही तर निष्काळजीपणा ठरणार, आणि तो त्याच्याच गळ्यात येणार, हे त्याला कळत होतं. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं: रविवारी संध्याकाळी आपण स्वतः पत्रे तपासले, सोमवारी नंदुरबारला बैठकीत होतो, टोळीलाही कानबाईची सुट्टी होती. वाहरू आणि उखा तेवढे गावात राहिले होते, पंपावर लक्ष ठेवायला.

जसोदाबाई पत्र्यांभोवती हळूहळू फिरल्या. मग म्हणाल्या, "काय रे उमाकांत, हे पत्रे मुके का?"

त्याला कळेना.

"अक्षरं कुठे गेली? 'काम चालू आहे, सावकाश जा' असं काही लिहिता ना तुम्ही लोक?"

उमाकांतने एका फटीतून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. अक्षरं आतल्या बाजूला होती, खड्ड्यातल्या पाण्याकडे तोंड करून. रविवारी ती रस्त्याकडे होती, हे तो शपथेवर सांगत होता. शिवाय टोळीतली माणसं पत्रे तारेनं बांधतात, पक्कडीने पीळ देऊन. इथे सगळीकडे सुतळी होती.

"म्हणजे पत्रे काढून परत लावलेत," डोंगरसिंग म्हणाला. "आम्ही तेच म्हणतो."

"एखादा नाही रे. सगळे. माणूस ढकलायला एक पत्रा पुरतो. आणि उखा रोज हे पत्रे लावतो. तो उलटे का लावील? सुतळीनं का बांधील?"

सुतळीची एक गाठ त्यांनी बोटांनी चाचपली. मग सवयीने डोळ्यावर आलेली बट मागे सारली, आणि डोळा असा झोंबला की पाणी आलं. सुतळीला मिरची होती.

डोळा पदरानं टिपता टिपता त्यांची नजर पत्र्यांच्या रांगेवरून गेली. एका टोकाला गटार, दुसऱ्या टोकाला शांतीलालच्या दुकानाचा ओटा. मधे पाय ठेवायला जागा नव्हती. सारा रस्ता बंद.

त्यांना वाटत होतं, खड्डा रस्त्याच्या कडेला आहे. काल सकाळी विसर्जनाच्या मिरवणुकीत त्या इथूनच गेल्या होत्या, कानबाईच्या पुढे, अनवाणी, मान खाली घालून.

मग काल कानबाई गेली कुठून?

३

शांतीलालचं दुकान खड्ड्याला लागून, मिरचीचं आणि किराण्याचं. पोत्यांचा वास दारापर्यंत यायचा. रस्ता उकरल्यापासून गिऱ्हाईक तुटलं होतं, आणि मी एक दिवस हे पत्रे गोमाई नदीत फेकीन, असं तो चारचौघांत बोलला होता. तो जसोदाबाईंचा चुलत दीर. सोमवारी कानबाईच्या नैवेद्याचे रोट खायला त्यांच्याच पंगतीला होता.

त्याने खुर्ची पुसून दिली. चहाचं विचारलं. पावसाचं विचारलं. वाहरूचं सोडून सगळं विचारलं.

काल संध्याकाळी काय ऐकलंस, असं त्यांनी सरळ विचारलं. त्याने पोलिसांना सांगितलेलं परत सांगितलं: वीज गेलेली होती, पाऊस जोरात होता, दिवेलागणीला कोणीतरी ओरडलं, मग पत्र्यांचा आवाज झाला. पोलिसांना त्यात मारामारी ऐकू आली होती.

"कोणी ओरडलं म्हणजे, काय ओरडलं?"

तो वजनं एकात एक रचत राहिला.

"शांतीलाल, मी तुझी वहिनी आहे. पोलीस नाही."

"ओ दादा, असं," तो म्हणाला. "हाक मारी ऱ्हायंता कोनीतरी. माले वाटनं, पेताड व्हई."

"आणि मग पत्रे वाजले."

"हां."

"आणि मग?"

वजनं थांबली. तो दाराकडे पाहत बोलला.

"पत्रे वाजनात, त्येना नंतर बी हाक उनी. एक डाव. मंग नही उनी."

जसोदाबाईंनी मनात क्रम लावला. म्हणजे पत्रे उभे राहिले तेव्हा वाहरू आधीच आत होता. जिवंत होता. खड्डा उघडा होता म्हणून तो पडला. आणि नंतर कोणीतरी पत्रे लावून त्याला बंद करून गेलं. हा शांतीलाल दहा पावलांवर बसून होता आणि उठला नाही.

त्याचं त्यालाही कळत होतं. पण भीती वेगळ्याच कशाची होती, हे त्यांना दिसत होतं. तो आपल्यासाठी घाबरलेला नव्हता. तो त्यांच्याकडे बघून घाबरत होता.

"ही सुतळी तुझ्या पोत्यांची," त्या म्हणाल्या. "पत्रे तू लावलेस?"

त्याने मान हलवली. मग अगदी हळू म्हणाला, "मन्ही सुतळी आठे नही शे वहिनी. बठी तुमना आंगनमा शे. मांडव कसावरी बांधा व्हता?"

४

आपल्या मांडवाला बांधलेली त्याची सुतळी मनात घोळवत घरी जाताना त्यांनी रस्त्यात दोन माणसांशी बोलून पाहिलं. दोघे भाऊबंदकीतले, दोघे सोमवारी मिरवणुकीत नाचलेले. काल आपण खड्ड्यावरून कसे गेलो रे, असं विचारलं तर एकाला अचानक म्हशीची धार आठवली. दुसरा म्हणाला, आमचं लक्ष फुगड्यांकडे होतं, काकी. त्यांच्या नजरा मात्र शांतीलालसारख्याच होत्या.

सगळ्या भाऊबंदकीनं पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते एकट्या त्यांनी.

त्यांच्या घरची रीतच तशी. सून कानबाई डोक्यावर घेते आणि सासू पुढे चालते, अनवाणी, नजर आपल्या अंगठ्यावर ठेवून. इकडेतिकडे पाहायचं नाही, कुठे थांबायचं नाही. आणि वाट बदलायची नाही. आजेसासूची कानबाई ज्या वाटेनं नदीवर गेली त्याच वाटेनं दरवर्षीची जाणार.

घरात सून नूतन चुलीपुढे होती. रोट अजून शिल्लक होते. कानबाईचे रोट बाहेरच्याला द्यायचे नसतात, घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचे. तिने सासूला पान वाढलं आणि बसायला पंगतीची फळी ओढली. मांडवातल्या चौथऱ्याच्या त्या फळ्या, पंगतीला बसायला कालपासून घरात आणलेल्या.

जसोदाबाई खाली बसल्या. तळपाय फळीला टेकले, आणि त्या तशाच राहिल्या.

डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण पायांनी पाहिलं होतं. काल सकाळी गार, बुळबुळीत चिखलातून चालता चालता मधेच पायाखाली पानं लागली होती, लिंबाची. आणि पानांखाली काहीतरी कोरडं, किंचित दबणारं, पोकळ वाजणारं. त्यांना वाटलं होतं, वाटेत कोणी पायघड्या घातल्या. मनात त्या माणसाला आशीर्वादही दिला होता.

"नूतन, ऊठ. ही फळी उलटी कर."

"आत्या, जेवून घ्या ना आधी."

"उलटी कर, पोरी."

फळीच्या पाठीला वाळलेला पिवळा चिखल होता. या गावची माती काळी. घरं, शेतं, गल्ल्या, सगळं काळं. पिवळी माती निघाली होती फक्त एका ठिकाणी, बारवेच्या तळाशी, आणि ती खड्ड्याच्या काठावर ढिगानं पडलेली त्या आत्ताच पाहून आल्या होत्या.

नूतनने तोंडाला पदर लावला. तिच्या डोक्यावर कानबाई होती, म्हणून तिची नजर समोर होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"फळ्या कोणी टाकल्या, हे मी विचारत नाही," जसोदाबाई म्हणाल्या. "तो कुठे आहे, तेवढं सांग."

५

योगेंद्र मागच्या खोलीत होता. त्यांचा एकुलता मुलगा, वॉर्डाचा नगरसेवक. मंगळवारी सकाळपासून त्याला ताप होता, असं घरात सांगितलं जात होतं.

त्या त्याच्या उशाशी बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या आणि घडलं ते ओळीनं सांगत गेल्या, शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं. सोमवारी सकाळी तू भावांना घेऊन गेलास. पत्रे काढून शांतीलालच्या ओट्याशी रचलेस. चौथऱ्याच्या फळ्या खड्ड्यावर टाकल्यास, वर लिंबाचा पाला, म्हणजे आईच्या पायाला कळू नये. कानबाई पार झाली. नदीवरून आल्यावर पंगत बसायची, भाऊबंद सगळे एकदम, कोणी मागे थांबायचं नाही. बसायला फळ्या हव्यात म्हणून येताना फळ्या उचलून आणल्या. पत्रे जेवल्यावर लावू, असं म्हणालात. जेवल्यावर झोपलात. टोळीला सुट्टी होती, अभियंता गावात नव्हता, आणि दोघे मजूर होते ते तुमच्या पंगतीत बसणारे नव्हते. त्यांना कोणी सांगितलंच नाही. दिवसभर खड्डा तसाच राहिला, पाण्यानं भरलेला, रस्त्यासारखाच दिसणारा. संध्याकाळी पत्र्यांच्या भरवशावर वाहरू पंप बघायला आला. वीज नव्हती.

"दिवेलागणीला तुला पत्रे आठवले. तारा सापडल्या नाहीत, म्हणून मांडवाची सुतळी सोडलीस. कोणती बाजू बाहेर, हे तुला दिसलं नाही, कारण तू उजेड केला नाहीस."

तो उठून बसला होता. "टॉर्च व्हती," तो म्हणाला. "लावी नही. कोनी देखं असतं तर म्हनता, नगरसेवकनीच पत्रे काढात."

"हाक ऐकलीस?"

त्याने गोधडी अंगाभोवती ओढली.

"योगेंद्र, मी विचारते आहे, हाक ऐकलीस का तू?"

"माले वाटनं शांतीलालकाका शे. माले वाटनं, त्यानी माले देखी लिधं. मी पळनू, माय." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "सकायले समजनं. देवनी शप्पथ, सकायले."

"आणि सकाळपासून उखा कोठडीत आहे."

तो रडायला लागला. आणि रडता रडता त्याने ते वाक्य म्हटलं, जे त्या मघापासून स्वतःशीच ऐकत होत्या.

"उमाकांतसाहेब पंधरा डाव सांगी गयता, यंदा मिरवणूक बाजारकडथून काढा. मी तुले इचारं. तू काय म्हनी? वाट बदलाची नही."

बाहेर अंगणात मांडवाचं एक टोक खाली लोंबत होतं. तिथली सुतळी नव्हती. त्यांना रोलरवाले खानसाहेब आठवले. कानबाई आली की ते धूर ओकणारा रोलर गल्लीच्या तोंडाशी थांबवायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. रस्ता आपोआप मोकळा व्हायचा. त्यांना वाटायचं, तो देवीचा मान. रस्ता कोणीतरी कष्टानं मोकळा करतं आणि परत बंदही करावा लागतो, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"म्हनी मी," त्या म्हणाल्या. योगेंद्रशी त्या आजवर घरातही शाळेचं मराठी बोलत आल्या होत्या. त्या घटकेला माहेरची अहिराणीच तोंडातून निघाली. "मन्हं तेवढं मी सांगसू. तुन्हं तुले सांगनं पडी."

"माय, मी मरी जासू तठे."

त्या तशाच उभ्या राहिल्या. त्याच्या जन्माच्या वेळी आदल्या दोघांसारखं हेही जातं की काय म्हणून त्यांनी कानबाईला नवस बोलला होता. बाई, हे एवढं ठेव, मी तुझी वाट कधी चुकवणार नाही. ती वाट त्यांनी कधीच चुकवली नव्हती.

चुलीपाशी परत येऊन त्यांनी वाकून फळी उचलली. जड होती. नूतन पुढे झाली, पण त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि फळी काखेत धरून त्या ओटा उतरल्या. चपला घालायच्या राहिल्या.

पायरीवर रेवाबाई अजून बसलेली होती. फळीवरचा पिवळा चिखल तिने पाहिला. त्या खड्ड्यातून आलेल्या नवऱ्याचे कपडे ती रोज धूत होती, तिला तो चिखल वेगळा ओळखावा लागला नाही. तिने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा घराकडे. ती उठली आणि तिने फळीचं दुसरं टोक धरलं.

दोघी चालू लागल्या. अंधारायला आलं होतं, ओट्याओट्यांवर माणसं होती, आणि एकानेही कुठे चाललात म्हणून विचारलं नाही. खड्ड्यापाशी रस्ता बंद होता. जसोदाबाई क्षणभर थांबल्या, मग बाजाराकडच्या गल्लीत वळल्या. लग्न होऊन आल्यापासून कानबाईसोबत चाललेल्या वाटेनं त्या दिवशी त्या पहिल्यांदा गेल्या नाहीत.

पोलीस ठाण्यात डोंगरसिंग दिवा लावत होता. बाईंना फळी घेऊन आलेलं पाहून तो धावला. त्यांनी ती त्याच्या टेबलावर पालथी ठेवायला लावली, मांडवावरून तोडून आणलेला सुतळीचा तुकडा शेजारी ठेवला, आणि सांगायला सुरुवात केली. तो लिहीत गेला. शांतीलालनं ऐकलेल्या हाकेपाशी त्याचं पेन थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. आतल्या बाजूला उखा भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. वाहरूची 'ओ दादा' ही हाक ऐकून त्याने मान वळवली.

"आणि पत्रे कोणी काढले, बाई?" डोंगरसिंगने विचारलं. त्याला कळलं होतं. विचारताना त्याने मान वर केली नाही.

जसोदाबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. त्या थांबल्या. डोंगरसिंगही थांबला. बाहेर सायकली गेल्या, पोरं गेली, एक म्हैस गेली. रेवाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने घाई केली नाही, पण त्यांच्यावरची नजरही काढली नाही.

"लिही," जसोदाबाई शेवटी म्हणाल्या.

हजेरी घेताना त्या जशी नावं वाचायच्या, तसंच त्यांनी मुलाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट. आणि वर्गात नाव पुकारल्यावर ज्या सवयीने थांबायच्या, तशा क्षणभर थांबल्या. हजर म्हणणारं कोणी नव्हतं.